पडद्यावरील खोटा वैद्य

नाशिकहून सावळघाट ओलांडून पेठला जाताना पावसाळ्यात मोबाइलची रेंज वाटेत दोन-तीनदा तरी जाते. अशा डोंगराळ तालुक्याच्या गावी किराणा-भुसाराची पेढी चालविणाऱ्या कुटुंबातही आता संगणकावाचून दिवस जात नाही. नागली, वरई, खुरासणीची खरेदी, घाऊक मालाची बिले, गावोगावची उधारी, जीएसटीचे विवरण, ई-वे बिल, सारे काही टॅलीत. दुपारी गिऱ्हाईक पांगले, की त्याच संगणकावर घरातील वडीलधारे प्रवचन ऐकतात किंवा पर्वतिथी पाहतात.

अशाच एखाद्या निवांत दुपारी पडदा एकाएकी लाल किंवा निळा होतो. भोंगा वाजू लागतो. इंग्रजीत, क्वचित हिंदीत, एक आवाज बजावतो, की संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचे बोधचिन्ह असते आणि खाली आकडे भराभर बदलत असतात. माउस हलत नाही. वर्षभराची खतावणी ज्या यंत्रात आहे, ते यंत्र असा टाहो फोडू लागले म्हणजे भल्याभल्यांचा धीर सुटतो. फोन लावला जातो. खरी फसवणूक तेथून पुढे सुरू होते; तोपर्यंत काहीही बिघडलेले नसते.

तोपर्यंत काहीही बिघडलेले नसते, हे नीट समजून घ्यावे. तो भोंगा वाजविणारा कोणी संगणकात शिरलेला नसतो. एखाद्या संकेतस्थळावरील जाहिरातीतून उघडलेले ते केवळ एक पान असते. त्याने पूर्ण पडदा व्यापलेला असतो, इतकेच. ब्राउझरमधील पानाला संगणकाची तपासणी करून त्यातील व्हायरस मोजताच येत नाहीत. कोठाराचे कुलूप न उघडता, एका पोत्यालाही हात न लावता, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाने ‘तुमच्या तांदळाला कीड लागली’ अशी हाकाटी करावी, तसा हा प्रकार आहे. असा माणूस दारात आला, तर पेढीवरचा नवखा गुमास्ताही त्याला वाटेला लावील. खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, की त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक कधीच नसतो. एवढी एक खूण लक्षात राहिली तरी निम्मे काम होते.

पान बंद करण्यासाठी त्यावरील कोणत्याही बटणाला, ‘रद्द करा’ किंवा फुलीलाही, हात लावू नये; ती बटणेही त्यांचीच असतात. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे बहुधा पूर्ण पडदा मोकळा होतो. तसे न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउझर बंद करावा. हेही जमले नाही, तर चालू-बंदचे बटण दाबून धरून संगणक सरळ बंद करावा. टॅलीतील चालू नोंद पुन्हा करावी लागू शकते. नंतर ब्राउझर उघडल्यावर तो जुनी पाने पुन्हा उघडू का, असे विचारतो. त्याला नकार द्यावा. अशा सूचना रोज कोपऱ्यात उगवत असतील, तर कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला ‘नोटिफिकेशन’ची परवानगी दिली गेली आहे, असे समजावे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाकली, की उपद्रव थांबतो. त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

फोन केलाच, तर पलीकडचा मनुष्य अत्यंत आदबीने बोलतो आणि एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे, दुरून संगणक चालविण्याचे सॉफ्टवेअर टाकावयास सांगतो. व्यापारी कुटुंबांच्या बाबतीत खरा धोका येथेच आहे. ही सॉफ्टवेअरे खोटी नाहीत. टॅली दुरुस्त करणारा नाशिकचा तंत्रज्ञ पन्नासएक किलोमीटरचा घाट चढून येण्याऐवजी याच मार्गाने दुकानातील संगणक हाताळतो, करसल्लागाराच्या कार्यालयातील मुलगाही तेच करतो. त्यामुळे ‘कोड सांगा, मी आत येतो’ हे वाक्य पेढीच्या कानाला सवयीचे झाले आहे आणि परक्या तोंडून आले तरी खटकत नाही. भेद एकच करावा: ओळखीच्या तंत्रज्ञाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर पेढीने स्वतः फोन केलेला असतो, येथे मात्र पडद्यावर उमटलेल्या क्रमांकाला फोन केलेला असतो. कोड ज्याच्या हाती जातो, त्याला उघडे नेटबँकिंग, जतन केलेले पासवर्ड आणि गिऱ्हाइकांची नावे-गावे, सारे दिसते.

हे लोक दूर कोठे परदेशात बसलेले असतात, असाही समज आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने नाशिक जिल्ह्यातच, इगतपुरीच्या एका रिसॉर्टमध्ये चालणारे बेकायदा कॉल सेंटर उघडकीस आणले. ॲमेझॉनच्या ग्राहक सेवेतून बोलत असल्याचे भासवून तेथून अमेरिका, कॅनडा येथील लोकांना भेटकार्डांच्या आणि आभासी चलनाच्या रूपाने लुबाडले जात होते. त्यांचे सावज परदेशी होते. पण भोंग्याचे पान आणि आदबीचा आवाज यांना देश नसतो, आणि पेठहून इगतपुरी काही फार दूर नाही.

मग अँटिव्हायरस घ्यावा की नाही? येथे थोडा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे. महाराष्ट्राला या व्यवसायाची ओळख साताऱ्याकडील रहिमतपूरच्या कैलाश काटकर यांनी करून दिली. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकलेल्या या तरुणाच्या पुण्यातील दुकानात १९९० च्या दशकात व्हायरसने बिघडलेले संगणक येऊ लागले. धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करण्याची साधने लिहिली आणि त्यातून क्विक हील उभे राहिले. २००७ मध्ये कंपनीने तेच नाव घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. त्या काळी फ्लॉपीबरोबर व्हायरस येत असे आणि विंडोजमध्ये त्याच्यावर उपाय नसे. आज विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच बसविलेला असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि तो चालू व अद्ययावत असेल तर एका संगणकाच्या पेढीला सहसा पुरतो. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या संगणकावर पैसे खर्चून अँटिव्हायरस टाकण्यापेक्षा विंडोज बदलण्याचा विचार आधी व्हावा.

विकतचे घ्यावयाचे असल्यास चार गिऱ्हाइके पाहून माल पारखतो त्याच नजरेने ते पारखावे. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था अशा सॉफ्टवेअरची नियमित परीक्षा घेऊन निकाल सर्वांसाठी खुले ठेवतात. किती संगणकांसाठी परवाना आहे, मुदत कधी संपते, मुदत संपताच कार्डातून आपोआप पैसे वळते होतात का, हे खरेदीपूर्वी विचारावे. एकाच संगणकात दोन अँटिव्हायरस नांदत नाहीत. पेढीच्या जीएसटी क्रमांकावर पक्के बिल घेतले, तर त्यावरील कराची वजावटही मिळू शकते.

नाव मोठे म्हणून डोळे झाकावेत असेही नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो या मोठ्या दुकानसाखळीत संगणकाची ‘मोफत तपासणी’ होत असे. ग्राहकाने सुरुवातीच्या चार प्रश्नांपैकी एकालाही होकार दिला, की तपासणीत काही सापडो वा न सापडो, दोष असल्याचा निकाल येई. २०१९ मध्ये ती कंपनी आणि तिच्या भागीदाराने मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजून हे प्रकरण मिटविले. २०२४ मध्ये अवास्त या प्रसिद्ध अँटिव्हायरस कंपनीला, ग्राहक कोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती विकल्याबद्दल, १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. रखवालदारच घरातील बोलणी बाजारात विकत होता.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खऱ्याच्या जागी बनावट माल देणारा प्रतिरूपक व्यवहार येतो, तसेच चोरीचा माल घेणारे तदाहृतादानही येते. पहिल्याचा संताप सर्वांना येतो. दुसऱ्याकडे सोयीने दुर्लक्ष होते. ‘क्रॅक’ केलेले विंडोज, चोरीची टॅली, कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेली अँटिव्हायरसची की, हे सारे तदाहृतादानच होय. आणि कुलूप तोडून आणलेल्या या मालातूनच पुष्कळदा खरा व्हायरस पेढीत येतो. मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने येणारी एपीके फाइलही याच जातीची आहे. लग्नसराईत ती उघडण्याचा मोह फार होतो. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते. तिच्यासाठी ॲप टाकावे लागत नाही.

चूक होऊन गेली असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि पासवर्ड दुसऱ्याच यंत्रावरून बदलावेत. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरविलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून घड्याळ महत्त्वाचे. आणि नेमका येथेच वेळ जातो. फसलेले आजोबा किंवा काका मुलांना सांगत नाहीत. ‘एवढा व्यापार केला आणि असा फसलो’ ही लाज त्यांना गप्प बसविते. दोन दिवसांनी स्टेटमेंटमध्ये रक्कम दिसते, तोवर पैसे अनेक खात्यांतून फिरून गेलेले असतात. प्रतिक्रमणात आलोचना करताना दोष सांगणाऱ्यावर कोणी हसत नाही. घरातही तसेच वातावरण हवे, आणि ते तरुणांनी आधी, काही घडण्यापूर्वी, निर्माण करावयाचे असते.

टॅलीचा बॅकअप रोज घेऊन एका वेगळ्या डिस्कवर ठेवावा आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून तिजोरीत ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. आणखी एक लहानसा कागद पडद्याच्या चौकटीवर चिकटवावा. त्यावर ओळखीच्या तंत्रज्ञाचा क्रमांक, बँकेच्या शाखेचा क्रमांक आणि १९३० मोठ्या अक्षरांत लिहावे. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी तो कागद तपासावा. तंत्रज्ञ बदलला असेल, तर क्रमांकही बदलावा.