भाडं थकलं की चारित्र्य निघतं

क्रांती चौकातून निघालेल्या किती मोर्च्यांत मी चालले, मोजलेलं नाही. महागाई, रेशन, दारू, बलात्कार. घरभाड्यासाठी निघालेला मोर्चा मात्र मी एकही पाहिला नाही. आणि याच चौकामागच्या गल्ल्यांत भाडं थकलं म्हणून बायांचे संसार रस्त्यावर येतात.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई आमच्या केंद्रावर आली. नवरा वर्षभरापूर्वी निघून गेलेला. ही चार घरची धुणीभांडी करते. दोन महिन्यांचं भाडं थकलं. घरमालकाने आधी नळ बंद केला. आपल्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. मग वीज तोडली. मग ती कामावर गेलेली असताना खोलीला कुलूप.

"नोटीस दिली होती का?" मी विचारलं.

"दिली की. दोनदा तोंडी सांगितलं. आणि ताई, तिच्याकडे कोण कोण येतं तेही विचारा."

मैत्रिणींनो, हे शेवटचं वाक्य नीट ऐका. पुरुषाचं भाडं थकलं तर फक्त भाडं थकतं. बाईचं थकलं की तिचं चारित्र्य निघतं!

कायदा काय म्हणतो? मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. त्याच्या कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं, मगच दावा. समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह भरली आणि पुढे भरत राहिली, तर त्या कारणावरून तिला काढता येत नाही. कलम २९ प्रमाणे सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडणं हा गुन्हा आहे. पण चौकीवर गेलो की उत्तर ठरलेलं: "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." बाईला बेघर करणं यांना कधी गुन्हा वाटणार?

हुशार मालकांनी पळवाट शोधलीच आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला की कलम १५ चं संरक्षण उरत नाही. तरीही मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, कुलूप आणून चालत नाही.

"करार नवऱ्याच्या नावावर, तू कोण?" हा प्रश्न तर नेहमीचा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं की टाकून दिलेली बायको घरमालकाच्या दाव्यात नवऱ्याच्या जागी उभी राहून लढू शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भाड्याचं घरही सामायिक घर धरलं जातं, आणि न्यायदंडाधिकारी नवऱ्याला भाडं भरायला लावू शकतात. किती वकील हे आपणहून सांगतात?

काही घरमालकिणी स्वतः विधवा असतात, दोन खोल्यांच्या भाड्यावर जगतात, हे मला माहीत आहे. त्यांचं भाडं बुडावं असं मी म्हणत नाही. त्यांनीही लेखी नोटीस द्यावी, पावती द्यावी.

आमच्या बाईचं कुलूप संध्याकाळी निघालं, थकबाकी तीन हप्त्यांत द्यायची ठरली. पहिल्या हप्त्याची पावती मिळाली, ती निघून गेलेल्या नवऱ्याच्या नावावर. आम्ही ती परत केली. दुसरी अजून आलेली नाही.