तुळई ठोका, आकडा लिहा

१८१० साली इंग्लंडच्या डेप्टफर्ड गोदीतून ‘क्वीन शार्लट’ ही ब्रिटिश आरमाराची थोरली युद्धनौका पाण्यात उतरली. ती मोहिमेवर निघण्याआधीच तिचे लाकूड आतून एवढे कुजले, की तिची मोठी दुरुस्ती करावी लागली आणि बुरशी ओळखायला जेम्स सॉवर्बी या वनस्पतींच्या अभ्यासकाला बोलावले गेले. त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची ‘मिंडेन’ बांधून दिली. इथेच १८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ तर आजही हार्टलपूलला पाण्यावर आहे.

सागाचा हा लौकिक खरा आहे. पण त्यानेच आपल्याला गाफील केले. सागाचा गाभा कुजायला कठीण; बाहेरचे पांढरे लाकूड तसे नसते. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या तुळईची टोके भिंतीत गाडलेली असतात. गच्चीचे पाणी तिथे मुरते, वाळवीही तिथूनच शिरते, आणि खालून पाहणाऱ्याला रंगवलेली, सरळ, भक्कम तुळई दिसते.

लाकूड ठोकून पाहणे ही जहाजबांधणीतली जुनी रीत. आपल्याकडचा सुतारही हातोडीच्या दांड्याने खांब वाजवतो. खणखणीत वाजला तर पसंत, बद्द वाजला तर शंका. या कानावर माझा विश्वास आहे. मात्र तो कान त्या सुतारापाशीच राहतो. दहा वर्षांनी दुसरा सुतार आला, तर पहिल्याने काय ऐकले होते हे त्याला कोण सांगणार?

कानाचा आकडा करण्याची तयारी अठराव्या शतकातच झाली होती. डॅनिएल बर्नुली आणि ऑयलर या गणितज्ञांनी कंप पावणाऱ्या दांडीचे गणित मांडले. पुढे क्लाडनी या ध्वनीच्या अभ्यासकाने लाकडाच्या दांड्या लांबीच्या दिशेने घासून त्यांच्या सुरावरून लाकडातला ध्वनीचा वेग काढला. लाकूड कापणाऱ्या कारखान्यांपर्यंत हे ज्ञान पोहोचायला दीडशे वर्षे लागली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन येथे लाकडाच्या विनाविध्वंस चाचणीवर पहिली परिषद भरली, आणि त्याच दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या विद्यापीठात रॉय पेलरिन यांनी कंपनावरून फळ्यांचा ताठपणा मोजायची पद्धत रुळवली.

तत्त्व सोपे आहे. सुट्या तुळईच्या टोकावर ठोका मारला की लहर दुसऱ्या टोकाला जाऊन परतते. चार मीटरच्या चांगल्या तुळईत ध्वनी सेकंदाला साधारण ४,८०० मीटर वेगाने धावला, तर ती ६०० हर्ट्झला वाजते. सूर उतरला तर वेग कमी, म्हणजे ताठपणा कमी. पण एका सुरावर निकाल देऊ नये. दोन टोकांवर टेकलेली तुळई एकाच वेळी अनेक सुरांत वाकते. पहिल्या सुरात मधला भाग सर्वांत जास्त वाकतो. दुसऱ्या सुरात नेमका तोच भाग वाकत नाही. म्हणून मध्यावर कूज असेल तर पहिला सूर खाली येतो आणि दुसरा जवळपास जागेवर राहतो. सुरांच्या या बिघडलेल्या नात्यातून दोष कुठे दडला आहे याचा माग लागतो. नुसत्या कानाला हे पकडणे फार अवघड.

भिंतीत अडकलेल्या टोकाशी आणि खांबांशी मात्र आडवी लहर पाठवावी लागते. एका बाजूला ठोका, दुसऱ्या बाजूला संवेदक. तीस सेंटिमीटरचा निरोगी, कोरडा खांब लहर साधारण पाव मिलिसेकंदात पार करतो. आत पोकळी असेल तर लहर वळसा घालते आणि उशिरा पोहोचते. मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेच्या मार्गदर्शनानुसार हा वेळ ३० टक्क्यांनी वाढला तर ताकद निम्म्याने घटल्याचे समजावे. ५० टक्के वाढ म्हणजे गंभीर कूज. ओलावा आणि गाठी हे आकडे फसवू शकतात, त्यामुळे संशयाच्या जागी बारीक छिद्र पाडून खात्री करावीच लागते.

म्हाडा दरवर्षी पावसाळ्याआधी मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींची पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. यादीत नाव आले की मालक आणि भाडेकरू यांच्यात संशय उभा राहतो: इमारत खरोखर खचली, की जागा हवी म्हणून खचवली? नुसत्या नजरेच्या पाहणीने हा संशय फिटत नाही. मोजलेला आकडा दोन्ही बाजूंना तपासता येतो. तो कुजलेल्या तुळईखाली झोपणाऱ्या कुटुंबाला वेळेत बाहेर काढील, तसाच दीडशे वर्षांचा ठणठणीत साग भंगारात जाण्यापासून वाचवील. मला दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

म्हणून म्हाडाने आणि जुन्या पेठा सांभाळणाऱ्या महापालिकांनी लाकडी सांगाड्याच्या प्रत्येक परीक्षणात कंपन-चाचणी सक्तीची करावी, तुळईला क्रमांक द्यावा, आकडा नोंदवावा आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावा. अशा घरात तुम्ही राहत असाल, तर अभियंत्याच्या अहवालातला ‘लाकूड सुस्थितीत’ हा शेरा तसाच स्वीकारू नका. कोणत्या तुळईचा आकडा किती आला, हे लेखी मागा.