टोळी आणि टीम

हल्ली ज्याला त्याला ‘टीम’ बांधायची असते. ऑफिसात नवीन प्रोजेक्ट आलं की एक दिवस सगळ्यांना कुठल्यातरी रिसॉर्टवर न्यायचं, डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांच्या भरवशावर चालवायचं, दोरी ओढायला लावायची, संध्याकाळी फोटो काढायचे... की झाली टीम! मी अशा तीन-चार सहलींना जाऊन आलोय. जेवण झकास असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या खेळांमुळे कोणी कोणाबरोबर काम करायला शिकलंय, असं मला तरी दिसलेलं नाही. सोमवारी सगळे पुन्हा आपापल्या खुर्चीत, आणि ईमेलमध्ये साहेबांची सीसी आहेच.

तिथे एक तक्ता हमखास दाखवतात. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1965 साली मांडलेला. गट आधी जमतो, मग भांडतो, मग त्याच्यात काही रीतभात ठरते आणि त्यानंतर कुठे तो खरा कामाला लागतो. बरोबर आहे की! पण गंमत अशी की टकमनने हे कुठल्या कारखान्यात उभं राहून पाहिलेलं नव्हतं. आधी प्रसिद्ध झालेले पन्नासेक अभ्यास वाचून त्याने ही मांडणी केली, आणि त्यातले बरेचसे मानसोपचारासाठी जमवलेल्या गटांचे होते. म्हणजे ज्यांना एकत्र मिळून ट्रक भरायचा नव्हता, असे लोक.

ट्रक भरणारे लोक बघायचे तर आमच्या चकलांब्याला यावं. गेवराई तालुक्यातलं हे गाव. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. गावात मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही पोरं. या कामाची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. बैलगाडीवाल्यांचं बरंचसं जोडीजोडीने चालतं, आपली गाडी आपण भरायची. ट्रकच्या टोळीचं तसं नाही. तिथे दहा-पंधरा कोयते एकाच वाहनावर अवलंबून, त्यामुळे खरा सहकार शिकावा लागतो तो यांनाच.

आणि तो पहिल्या दिवशी येत नाही. पहिल्या पंधरवड्यात फडात नुसती कचकच असते. पात कोणाला कुठली मिळाली, याचा ऊस आडवा पडलेला, त्याचा सरळ उभा. अमक्याच्या मोळ्या बारीक, तमका चहाला जास्त वेळ बसतो. वाढ्यांवरून भांडण, पाण्यावरून भांडण, कोपी कोणाची कुठे यावरून तर विचारूच नका. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, एवढ्या कष्टात माणसाचं डोकं थंड राहावं अशी अपेक्षाही चुकीचीच. मग हळूहळू हिशोब बसत जातो. आज वाईट पात ज्याला आली त्याला उद्या बरी. कोणाचं पोर तापाने फणफणलंय हे न सांगता कळायला लागतं आणि शेजारचा कोयता दोन सऱ्या जास्त ओढतो.

खरी परीक्षा भरणीची. ट्रक येईल तेव्हा भरायचा, मग रात्रीचे दोन का वाजेनात. ट्रकला फळी लावलेली, डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून एकामागून एक चढायचं. पुढचा थबकला तर मागच्याने मोळीसकट थांबायचं. वर रचणारा एक पक्का माणूस लागतो, रचाई चुकली तर गाडी रस्त्यात कलंडायची. हे सगळं अंधारात, झोपेत, फारसं न बोलता चालतं. कोणी मार्गदर्शन केलेलं नसतं. तीच माणसं, तेच काम, रोज, आणि वजनाची पावती सगळ्यांची मिळून एक. माझ्या मते टीम तयार व्हायला एवढंच लागतं. आमच्या कंपन्यांत दर सहा महिन्यांनी माणसं हलवतात, पगारवाढीसाठी त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करतात आणि मग सहकार्य वाढावं म्हणून रिसॉर्टचं बुकिंग करतात!

असो. इथवर वाचून कोणाला वाटेल की मी टोळीची आरती ओवाळतोय. तसं नाही. टोळी एकजीव असते त्याचं एक कारण असंही आहे की तिथून कोणाला उठून जाता येत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, हंगामाच्या आधीच, आणि बहुतेक वेळा ती खर्चही झालेली असते. ही उचल नवऱ्याच्या हातात पडते. कोयता दोघांचा, हिशोब एकाच्या नावावर. मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणारी बाई त्या हिशोबात वेगळी दिसतच नाही. एक दिवस कामाला गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. या खाड्याच्या धास्तीने पाळीची कटकटच नको म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली. हे 2019 साली गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. शेजारणीने दोन सऱ्या जास्त ओढल्या तर ताप निभावतो. दर महिन्याचं दुखणं तसं निभावत नाही, कारण शेजारणीचंही तेच असतं. माणुसकी टोळीत भरपूर आहे हो, पण ती ज्या हिशोबात अडकली आहे तो हिशोब टोळीने लिहिलेला नाही.

टकमनने 1977 साली मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्याबरोबर आपल्या तक्त्याला पाचवी पायरी जोडली, गट पांगण्याची. काम झालं, निरोप घेतला, संपलं. आमच्याकडे पट्टा पडला की टोळ्या गावाकडे फिरतात, भांडी-कुंडी, बैलं, शेरडं, पोरं, सगळं घेऊन. पण उचल पुरती फिटलेली नसली तर बाकी निघते, आणि ती बाकी पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे घेऊन येते. म्हणजे ही टीम पांगतच नाही. साहेब लोक ज्याला ‘रिटेन्शन’ म्हणतात, ते इथे शंभर टक्के!

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. चांगलंच झालं, भांडून मिळवलेलं आहे. पण दर टनावर असतो, आणि खाड्याच्या दिवशी टन शून्य. बाईचा अर्धा कोयता तिच्या नावावर लिहा, त्याचे पैसे तिच्या खात्यात टाका, आणि महिन्यातले दोन-तीन दिवस खाडा न लावता सुटी द्या. त्याने टोळी मोडेल असं म्हणणारे मुकादम मला भेटलेत. रात्री दोन वाजता न बोलता ट्रक भरणारी माणसं दोन दिवसांच्या सुटीने मोडतील, हे मला काही पटत नाही.