येसूबाईंची तीस वर्षे

'स्वराज्यरक्षक संभाजी' २०१७ ते २०२० या काळात घराघरांत पाहिली गेली. गिरगावात, खोताच्या वाडीत घरं एकमेकांना इतकी खेटून आहेत की एका ओटीवर सुरू झालेला संवाद पुढच्या घराच्या बाहेरच्या जिन्यापाशी पुरा होई. अखेरच्या भागांत महाराजांचे हाल पाहून माणसं ढसाढसा रडली. मालिका संपल्यावर वाडीतल्या एका मावशींनी विचारलं, "मग येसूबाईंचं काय झालं हो?"

हा प्रश्न मालिकेने पडद्यावर घ्यायला हवा होता. बलिदान म्हणजे मरण, एवढंच आपल्या ऐतिहासिक मालिकांनी धरून ठेवलं आहे. रंगभूमीचंही तेच. वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'चं नावच पाहा.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे संगमेश्वरी मुघलांकडून पकडले गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी येसूबाई रायगडावर होत्या. पदरी शाहू, अवघ्या सहा वर्षांचा. मुलाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार हाकणं त्यांना अशक्य नव्हतं. स्वतःच्या नावाची राजमुद्रा असलेल्या या बाईला कारभार नवा नव्हता. त्यांनी दीर राजाराम यांना मंचकी बसवलं. मार्चमध्ये राजांची हत्या झाली, मुघल सरदार झुल्फिकारखानाचा रायगडाभोवतीचा वेढा आवळत चालला. सगळे एकाच गडावर सापडले तर राज्यच बुडेल, हे ओळखून त्यांनी राजारामांना बाहेर काढलं आणि स्वतः शाहूसह मागे राहिल्या. नोव्हेंबरात रायगड पडला. पुढे मराठ्यांचं राज्य जिंजीहून लढलं, ते या निर्णयामुळे.

याला नुसता सोशिकपणा म्हणू नये. मालिकांतल्या राण्या त्याग करतात तेव्हा पदर डोळ्यांना लागतो आणि पार्श्वसंगीत चढतं. येसूबाईंचा त्याग हा राज्यकर्तीने डोकं शांत ठेवून केलेला हिशेब होता. त्याची किंमत त्यांनी पुढे जन्मभर मोजली. आधी औरंगजेबाच्या छावणीमागे दख्खनभर फरफट. १७०७ मध्ये बादशहा मेल्यावर शाहू सुटला. आईला मात्र ओलीस ठेवून दिल्लीला नेलं. १७०८ मध्ये साताऱ्यात मुलाला राज्याभिषेक झाला, तेव्हाही त्या कैदेतच होत्या. शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन परतले, ते १७१९ मध्ये.

एवढी वर्षं दाखवायची कशी, असं लेखक म्हणतील. तलवार नाही, वेढा नाही. पण इंग्लंडच्या राणीवरच्या 'द क्राउन'ने सहा पर्वं कशावर उभी केली? १९५५ मध्ये राजकन्या मार्गारेटने घटस्फोटित अधिकारी टाउनसेंडशी लग्नाचा विचार सोडला, त्यातलं तिचं दुखणं आणि थोरल्या बहिणीची कोंडी त्या मालिकेने सावकाश, बंद दारांआड उलगडली. आपल्याकडे तर छावणीतला एक तंबू आहे, त्यात वाढणारा वारस आहे, आणि त्याला आपण कोण आहोत हे विसरू न देणारी आई आहे.

वाहिन्यांना कळकळीचं सांगणं आहे: संभाजीराजांवर पुन्हा मालिका जरूर करा, पण ती १६८९ च्या मार्चमध्ये संपवू नका. येसूबाई साताऱ्यात पोहोचेपर्यंत चालवा.