रिपोर्ट नॉर्मल, मग रडतेस कशाला?

उर्दूत वेड्याला ‘सौदाई’ म्हणतात. युनानी वैद्यकात सौदा म्हणजे काळं पित्त. ते वाढलं की माणूस उदास होतो, असं हकीम मानत. आता रक्तात सूज दाखवणारी प्रथिनं शोधतात. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ६० रुग्णांवर सूज उतरवणारं इन्फ्लिक्सिमॅब तपासलं गेलं. २०१३ सालचा निष्कर्ष असा, की एकूणात ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. सीआरपी वाढलेल्यांमध्ये मात्र फायदा दिसला. म्हणजे सगळ्यांचं नैराश्य एका जातीचं नाही.

थायरॉइड, बी-१२ जरूर तपासा. पण आपल्या घरांत रिपोर्ट नॉर्मल आला, की सूनबाई ‘नाटकं करते’ ठरते. हे मला अजिबात मान्य नाही. निदान आजही डॉक्टर विचारून, ऐकूनच करतात; त्या कागदावर नैराश्याचा रकानाच नसतो.