बाळाचा डॉक्टर आधीच का बोलत नाही?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतलं पाच आठवड्यांचं एक बाळ खोकून खोकून निळं पडलं. घरच्यांना आधी साधी सर्दी वाटली. आजीने नजर उतरवली. बाळाने दूध ओढणं सोडलं तेव्हा मात्र सगळे रिक्षातून दवाखान्यात धावले. निदान झालं डांग्या खोकल्याचं. घरात बाळाचा चाचा महिनाभर खोकत होता, पण मोठ्या माणसाचा खोकला कोण मनावर घेतो? अल्लाहच्या मेहरबानीने बाळ वाचलं.

भाभी मला म्हणाली, “पण माझी दोन्ही इंजेक्शनं झाली होती ना!”

खरंच झाली होती. पण सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळते ती टीडी लस, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांची. धनुर्वाताच्या लसीने आपल्या देशाचं मोठं भलं केलं आहे. आई आणि नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. मात्र डांग्या खोकल्यावरचा घटक टीडीत नसतो, तो टीडॅपमध्ये असतो. बाळाला डांग्या खोकल्यावरची स्वतःची पहिली लस सहाव्या आठवड्यात मिळते. तोवर त्याच्याजवळ असतं ते फक्त आईच्या रक्तातून वारेवाटे आलेलं संरक्षण. म्हणूनच टीडॅप गरोदरपणाच्या 27 ते 36 आठवड्यांत घ्यायला सांगतात, आणि तेही प्रत्येक गरोदरपणात, कारण हे संरक्षण काळाबरोबर ओसरतं. इंग्लंडमध्ये 2012 साली डांग्या खोकल्याने 14 तान्ही बाळं दगावली. त्याच वर्षी तिथे गरोदर महिलांना ही लस देणं सुरू झालं.

आता माझा मुद्दा. भाभी सातव्या-आठव्या महिन्यात थोरल्या मुलाला घेऊन दोनदा बालरोगतज्ज्ञाकडे गेली होती. डॉक्टरांनी मुलाचा घसा पाहिला, वजन केलं, औषध लिहून दिलं. समोर पोटुशी बाई बसलेली होती. तिला कितवा महिना, कोणत्या लसी झाल्या, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणतील, ते स्त्रीरोगतज्ज्ञाचं काम आहे. कबूल. इंजेक्शन त्यांनी द्यावं असं मी म्हणतही नाही. पण दोन महिन्यांनी तेच बाळ त्यांच्याच टेबलावर येणार आहे. डांग्या खोकल्याने तान्हं बाळ कसं तडफडतं हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं. शिवाय आमच्या वस्तीत बाई स्वतःच्या दुखण्यासाठी क्वचितच दवाखान्यात जाते, मुलासाठी मात्र उपाशीपोटी रांगेत उभी राहते. मुलांच्या डॉक्टरवर तिचा विश्वास असतो, सासूचाही असतो. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी दिली, तरी पुष्कळ होईल.

भीतीचं उत्तरही तेच देऊ शकतात. गरोदरपणात गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची जिवंत जंतूंची लस देत नाहीत, हे खरं आहे. टीडॅपमध्ये जिवंत जंतू नसतात, इंजेक्शनच्या फ्लूच्या लसीतही नसतात. हा फरक डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितला, तर मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांची हवा निघून जाते. 2022 च्या अखेरीस गोवंडीत आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा लसीसाठी लोकांना समजावताना किती धावपळ झाली ते आपण पाहिलं. साथ दारात आल्यावर विश्वास कमवता येत नाही. तो आधी, साध्या सर्दी-खोकल्याच्या भेटीत कमवावा लागतो.

सरकारवरही जबाबदारी आहेच. टीडॅप मोफत मिळत नाही, खासगीत पैसे मोजावे लागतात, आणि रोजंदारीवरच्या घराला ते जड जातं. ही लस सरकारी कार्यक्रमात आली पाहिजे.

आणि आपण? घरात कुणी पोटुशी असेल, तर पुढच्या खेपेला मुलाला डॉक्टरकडे नेताना नवऱ्याने सोबत जावं आणि स्वतःच विचारावं: डॉक्टरसाहेब, येणाऱ्या बाळासाठी हिला कोणती लस घ्यायची राहिली आहे? दुआ तर आपण करतोच. दवा वेळेवर विचारणं हेही आपलंच काम आहे.