गोळी सकाळची, शाळा दिवसभराची

राज्यात इतरत्र शाळांची घंटा जूनच्या मध्यावर वाजते; विदर्भात उन्हामुळे ती महिनाअखेरीकडे सरकते. नरखेड तालुक्यात याच दिवसांत संत्र्याच्या मृग बहाराची लगबग, कपाशीची टोबणी आणि दप्तर-गणवेशाची खरेदी एकदम अंगावर येते. या धांदलीत काही आईबापांपुढे आणखी एक प्रश्न असतो, आणि तो चारचौघांत काढता येत नाही. उन्हाळ्यात बंद ठेवलेली पोराची गोळी आता सुरू करायची का, आणि ते विचारायचे कोणाला?

ही गोळी एडीएचडीची. 'पोट्टं लय वांड हाय, एका जागी ठरतच नाही' या वाक्यात आपण ज्याची बोळवण करतो, त्यातल्या काही मुलांचे दुखणे खरोखर मेंदूच्या कामकाजातले असते. सांगितलेले अर्धेच ऐकू येते, वही निम्म्यावर सुटते, प्रश्न संपण्याआधी उत्तर बाहेर पडते. जगभरच्या पाहण्यांत शाळकरी मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास निघते. मुलींमध्ये दंगा कमी आणि हरवलेपण जास्त असते, म्हणून त्या तर मोजदादीतूनच सुटतात.

औषधाबद्दल गावात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक, एवढ्याशा लेकराला डोक्याची गोळी कशाला, मोठे झाले की सुधरेल. दुसरे, गोळी चालू केली ना, आता पोरगे मार्गी लागलेच पाहिजे. आमच्या मते दोन्ही चूक, आणि दुसरे जास्त घातक, कारण ते शहाणपणाच्या वेषात येते.

मिथाइलफेनिडेट हे यातले सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध. साध्या गोळीचा परिणाम साधारण अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि चारेक तासांत ओसरतो. म्हणजे सकाळी नऊला दिलेली गोळी दुपारच्या सुट्टीपर्यंत. पुढच्या तासांचे काय? दुसरी मात्रा शाळेत द्यायची तर गुरुजींना जबाबदारीची भीती, आणि ती भीती अगदीच बिनबुडाची नाही. लांब टिकणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्यांचा विषय डॉक्टरांपुढे काढला पाहिजे. शिवाय हे औषध भूक मारते. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी ताटात तशीच राहते आणि बाई म्हणतात, पोरगे नखरे करते. त्यावर उपाय सोपा आहे: गोळीआधी पोटभर न्याहारी, संध्याकाळी असर उतरल्यावर भरपेट जेवण, आणि वजन-उंचीची नियमित नोंद. झोप, नाडी, रक्तदाब हेही पाहायचे असते. सुट्टीत गोळी थांबवण्याचा सल्ला काही डॉक्टर देतात, तो बहुधा भूक आणि वाढ सावरावी म्हणून. पण मृगासाठी बाग ताणावर सोडताना हलक्या जमिनीला किती दिवस आणि भारी जमिनीला किती, हे बागाईतदार पाहतो. तसाच हा खंड ज्याच्या-त्याच्या प्रकृतीवर ठरतो, शेजाऱ्याच्या पोराकडे बघून नाही. ॲटोमोक्सेटिनसारखे दुसरे औषध तर रोजच घ्यावे लागते. त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. ते मनाने बंद-चालू केले तर हाती काहीच लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. 1999 साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 7 ते 9 वर्षांची 579 मुले, 14 महिन्यांचे उपचार. एका गटाला काटेकोर औषधोपचार, एका गटाला वर्तनोपचार, एकाला दोन्ही, आणि चौथा गट नेहमीच्या डॉक्टरांकडे. चंचलता आणि लक्ष यांत काटेकोर औषधाचे दोन्ही गट पुढे राहिले. दोन्ही उपचार मिळालेल्यांचे काम कमी मात्रेत भागले. लक्षात ठेवण्याजोगा आहे तो चौथा गट. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळतच होते, तरी ती मागे पडली. पहिल्या गटात डॉक्टर दर महिन्याला भेटत, शिक्षकांकडून मुलाची हकीकत घेत, मात्रा त्याप्रमाणे बदलत. चौथ्या गटात वर्षातून एक-दोन भेटी. आणखी एक गोष्ट लपवू नये: अभ्यास संपून ती देखरेख सुटल्यावर काही वर्षांत गटांमधला फरकही विरला.

आता अशी दर महिन्याची देखरेख आपल्याकडे किती अवघड ते पाहा. नरखेडहून नागपूर 80-85 किलोमीटर. मोवाड किंवा जलालखेड्याच्या मजुराला दर महिन्याला एक रोजी बुडवून, एसटीचे भाडे भरून तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजची रांग धरावी लागते. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये आणि अंमली पदार्थांच्या कायद्यातही मोडते. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे जपायची असते. नियम योग्यच आहे, गैरवापर होतोच. पण त्यामुळे ते कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि उपचारात खंड पडला की दोष आईच्या माथी बसतो.

राहिले वर्तनाचे काम. सहा वर्षांखालच्या मुलांत तर सुरुवातच पालकांच्या प्रशिक्षणाने करावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन. पुढचा बाक. मध्येच फळा पुसायला उठवणे. जमलेल्या गोष्टीची तिथल्या तिथे शाबासकी, महिनाअखेरीस नव्हे. आई रागावते आणि आजी लाडू देते, अशा घरात यातले काही टिकत नाही. आणि छडी? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार ती बंद आहे. शिवाय या मुलांना तिचा उपयोगही नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याच्या आजारांच्या यादीत एडीएचडीचे नाव आहे, आणि त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येणे अपेक्षित आहे. वजनकाटा त्यांच्याकडे असतोच. मुलाचा संशय नोंदवून ते त्याला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवू शकतात. वाट मधेच तुटते ती त्यानंतर.

म्हणून तालुका आरोग्य अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांना आमची विनंती आहे. नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञांचा महिन्यातला एक ठरलेला दिवस नरखेडच्या ग्रामीण रुग्णालयात मिळवावा, त्या दिवशी औषधही तिथेच मिळेल अशी तजवीज करावी, आणि वर्गशिक्षकाने मुलाविषयी चार ओळी लिहून पालकाच्या हाती द्याव्यात. तोवर ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.